खड्ड्यातला ओला बॉल

कुणाला पटो न पटो, हे घडलंय. माझी मावसबहीण राजेश्वरी खोटं बोलत नाही. आमटीत मीठ जास्त झालं तर ताट वाढायच्या आधीच सांगणारी बाई ती.

आणि भुतं रात्रीच येतात, असं समजून वाचायला बसला असाल तर सांगते... हे भर दुपारी घडलं. यंदाच्या एप्रिलात. सोलापुरातून अक्कलकोट रोडनं निघालं की वळसंगच्या अलीकडं त्यांचं शेत आहे, तिथं.

राजेश्वरीचे यजमान अमरेश. एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना. स्कॉटलंडचं एक गिऱ्हाईक त्यांच्याकडून गोल्फवाल्यांचे छोटे टॉवेल नेतं. त्या साहेबानं बोलावलं, या एकदा आमच्याकडं खेळायला.

झालं! पन्नाशीचा माणूस मोबाइलवर व्हिडिओ बघून गोल्फ शिकायला लागला.

"तिकडं लिंक्स म्हणतात," जेवता जेवता सांगायचे. "समुद्राकडंची वाळूची जमीन. झाड नाही, झुडूप नाही. नुसते उंचवटे आन वारा."

"म्हणजे माळरानच की ओ. त्याला विमान कशाला?" राजेश्वरी म्हणायची.

पण हट्ट तो हट्ट. भिंतीवर नकाशे लागले. कुठल्या मैदानावर कधी खेळायचं ते ठरलं. जूनची तिकिटं निघाली. एप्रिलातल्या सोलापुरात राजेश्वरीला दोन दोन रेनकोट घालून बघायला लागले.

सरावाला शेतातला कोपरा निवडला. जेसीबी लावून सगळं सपाट केलं, मधला एक उंचवटा तेवढा वरून खरवडून ठेवला. "सेम तिकडच्यासारखा!" त्यात पाइपचा तुकडा पुरून खड्डा केला आणि काठीला पांढरा टॉवेल बांधून झेंडा.

तो झेंडा बघून राजेश्वरी थबकली.

"अहो... दोडव्वा हितंच आहेत ना?"

दोडव्वा म्हणजे अमरेशची मोठी चुलती, गुरम्मा. आई लहानपणीच गेली, तर तिनंच त्यांना वाढवलं. दोन वर्षांपूर्वी वारली. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. वर समाधी बांधायची राहूनच गेली. खुणेला एक लिंबाचं झाड होतं... तेही जेसीबीनं काढलं.

"ती तिकडं, बांधाला लागून. मी माती दिलीय तिला, मला कळत नसंल?"

म्हातारीला आयुष्यात कुणी कुठं नेलं नाही. तोंडात कायम तंबाखू, वरच्या हिरडीला एकच दात. अमरेश कुठंही निघाले की दारात येऊन उभी राहायची.

"तम्मा, नानू बर्तीनी." बाळा, मी पण येते.

"पुढच्या खेपेला, दोडव्वा."

दर वेळी तेच.

तर त्या दुपारी अमरेशनं बॉल मारला. बरोबर खड्ड्यात गेला.

पाइपात बॉल पडला की टक् वाजतं.

वाजलं नाही.

त्यांनी खाली वाकून हात घातला. बॉल वर आला... ओला. कोमट. त्याला चिकट तार लोंबत होती.

"पाणी झिरपलं असंल," ते म्हणाले.

एप्रिलात! विहिरीचा तळ दिसत होता. त्यांनी बॉल टॉवेलला पुसला, टॉवेल तपकिरी झाला. आणि त्याच हातानं त्यांनी भडंग खाल्लं. बोटं चाटून.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम खड्ड्याजवळ उभी राहिली.

बॉल घरंगळत आला. आत पडला.

वारा थांबला. होल्याचं घुमणंही थांबलं.

आणि खालून आवाज आला...

चप्... चप्... चप्...

दात नसलेलं माणूस चघळतं तसा.

अमरेशनं बॉल काढला. त्यावर खोलगट खूण होती. एकच. लाळेत तंबाखूची काडी चिकटली होती. वास तंबाखूचा, चुन्याचा, आणि त्याच्याखाली... बंद डब्यात विसरलेल्या कालवणाचा.

आधी मारलेला आणखी एक बॉल आत राहिला होता. त्यांनी पुन्हा हात घातला. कोपरापर्यंत.

तेव्हा राजेश्वरीच्या डोक्यात आलं. बसवून पुरतात. म्हणजे डोकं सगळ्यात वर. आणि वरची माती तर जेसीबीनं नेलेली...

"हात काढा! अहो, तोंड आहे ते!"

त्यांनी हात ओढला.

पच्!

खालून पिंक उडाली. पांढऱ्या झेंड्यावर. त्यांच्या ओठांवर.

राजेश्वरी बांधावर जाऊन भडाभडा ओकली. मागं वळून बघते तर हे बाहीनं तोंड पुसतायत. पुसलेलंच पुन्हा पुसतायत.

"उंदीर असंल," ते पुटपुटले.

"तंबाखू खाणारा?"

त्यांनी गुमान पाइप उपटला. वर चार पाट्या माती लोटली. राजेश्वरी म्हणाली, जायच्या आधी समाधी बांधा. त्या बाईनं तुम्हाला भरवलंय ओ. तुम्ही तिच्या तोंडात बॉल घालताय!

"बांधू की. आल्यावर. पुढच्या..."

बोलता बोलता ते थांबले. पण बांधली नाहीच.

जूनमध्ये दोघं गेले.

पहिल्याच मैदानावरून राजेश्वरीचा मला फोन आला. मागं समुद्राचा वारा घोंघावत होता.

"अगं, यांचा बॉल खड्ड्यात गेला. साहेब टाळ्या वाजवतोय. आन..."

"आन काय?"

"टक् वाजलं नाही."



"मग?"

"यांनी हात नाही घातला गं. गुडघ्यावर बसले. खड्ड्याशी तोंड नेऊन हळूच म्हणाले... आलीस, दोडव्वा?"

ते परत आले तसा पहिल्या आठवड्यातच समाधीला गवंडी लावला. छान काळ्या दगडाची झालीय. राजेश्वरी सोमवारी तिथं चिमूटभर तंबाखू ठेवते.

ती चिमूट तशीच पडून राहते.

म्हणजे म्हातारी तिथं नाही. तिकडच्या वाऱ्यात राहिली असेल तर राहू दे, मनसोक्त हिंडू दे तिला.

पण परवा त्यांच्याकडं जेवायला गेले होते. हात धुतले, खुंटीवरचा पांढरा टॉवेल ओढला...

ओला होता. कोमट.

मी तो नाकाशी नेला नाही. पदराला हात पुसले आणि जेवायला बसले.