पाणी पिणारा कागद

"अहो, अहो! हे काय चाललंय?"

ती दचकली आणि ड्रॉपरमधून आणखी एक थेंब हातकागदाच्या शुभ्र तावावर पडलाच. कार्यशाळेच्या दारात ओला एप्रन बांधलेला कागदवाला उभा होता... इतक्या रागावलेल्या माणसानं इतकं देखणं दिसू नये, असं तिला उगीचच वाटून गेलं.

"बघत होते... हा पाणी पितो का."

"मुळीच पीत नाही! शाई फुटू नये म्हणून खळ दिलीय त्याला," तो ऐटीत म्हणाला.

"मग माझ्या काही कामाचा नाही."

त्याचा चेहरा असा काही पडला, की तिला हसू आवरेना. मग तिनं सगळं नीट सांगितलं. ती प्रयोगशाळेत संशोधन करायची. कागद म्हणजे झाडापासून मिळणारा सेल्युलोज, बारीक तंतूंचं जाळं. तो जस्ताच्या क्षाराच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा आणि भट्टीत ठेवायचा. कागद जळून जातो. मागे जस्ताचं ऑक्साइड उरतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचं, पण घडण मात्र हुबेहूब त्या जाळ्याची. रंगानं नासलेलं पाणी ते उन्हात स्वच्छ करतं. विकतच्या कागदाचा मात्र दर वेळी भुगाच हाती येत होता.

"म्हणजे मी जीव ओतून कागद करायचा आणि तुम्ही तो जाळायचा?"

"हो."

"धन्य आहे तुमची!" तो म्हणाला, पण हसत म्हणाला. दुसऱ्याच दिवशी त्यानं तिच्यासाठी कापसाचा, बिनखळीचा ताव काढला. भट्टीतून तो अखंड, पांढराशुभ्र बाहेर आला, तेव्हा ती प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या पिटत होती.

मग काय, येणंजाणं वाढलं.

"आज एकच ताव? उद्या पुन्हा हेलपाटा पडेल."

"पडू दे की," ती म्हणायची आणि उगीचच ताव काढायच्या चौकटी मोजत बसायची.

शुक्रवारी तज्ज्ञांची समिती येणार होती. आधीचे नमुने चाचण्यांत संपले होते. अखंड नमुना दाखवता आला नाही, तर विषयच बंद. तीन वर्षं पाण्यात. आणि बुधवारी भट्टीतून निघालेल्या सगळ्या नमुन्यांचे पापुद्रे झाले! ती तडक त्याच्याकडे गेली.

"काय बदललंत?"

"काही नाही..." तो घुटमळला. "जरा घोटला. दगडानं. दोन दिवस बसून."

"घोटला?"

"खडबडीत कागद तुमच्या हातात द्यायला... मला बरं वाटेना."

घोटल्यामुळे कागदाची छिद्रं मिटली होती. क्षार आत न मुरता वरच वाळला होता. तिला चांगलं ओरडायचं होतं. पण दोन दिवस मान मोडून, केवळ तिच्यासाठी... रागाला जागाच मिळेना. तिचे डोळे भरून आले.

"रडू नका हो," तो कासावीस झाला. "आत्ता ताव काढतो. त्यावरून हातसुद्धा फिरवणार नाही."

त्यानं शब्द पाळला. शुक्रवारी सकाळी तिनं भट्टीचं दार उघडलं आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. ताव अखंड होता.

समितीतल्या बाईंनी तो भिंगाखाली न्याहाळला. "यासाठी इतका सच्छिद्र कागद केला कुणी?"

"माझ्या माणसानं," ती बोलून गेली. तिचे मार्गदर्शक सर चष्म्यावरून बघतच राहिले.

दुपारी ती कार्यशाळेत पोचली, तेव्हा तो हौदावर वाकून लगदा ढवळत होता.

"काय झालं?"

"मंजूर!"

"देव पावला."

"देव नाही, तुम्ही पावलात." आयुष्यात कुणाचे इतके आभार मानावेसे तिला वाटले नव्हते. "पण... मी तिथं एक बोलून बसलेय. कागद कुणी केला, असं विचारलं. मी म्हटलं — माझ्या माणसानं."

तो ढवळायचा थांबला. "मग... नंतर दुरुस्त केलंत?"

"नाही."

"नका करू."

त्यानं हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. "लगदा लागलाय..."

"असू दे." तिनं त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. "तीन वर्षं मी या हातांचीच वाट बघत होते. मला आपलं वाटत होतं, कागदाची बघतेय."