परीक्षक बदलण्याचं कारण

बोटीवर डावीकडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर छतातून पाणी गळतं, हे आमच्या बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे. नवख्याला कुठून ठाऊक असणार? त्या दिवशी पाऊस आडवा येत होता. मी खिडकीशी कॉफी घेऊन बसले होते, आणि एक उंच माणूस दोन पिशव्या सांभाळत थेट त्या खुर्चीकडे निघाला.

"तिथं बसू नका, ओली आहे," मी म्हटलं. "इकडे खिडकीशी या."

"तिथं बसायचं नाही, ओली आहे. खिडकीशी येतोय," तो म्हणाला. आला, बसला, आणि स्वतःचंच बोलणं ऐकू आल्यासारखा ओशाळला.

मी हसू दाबलं. ऐकलेली सूचना जशीच्या तशी म्हणून दाखवणं ही आमच्या धंद्याची सवय. वैमानिकाला काही सांगितलं की तो ते परत म्हणतो. म्हटलं तरच त्याला कळलं असं आम्ही धरतो. ही सवय बोटीवर, दुकानात, जेवणाच्या टेबलावर दिसू लागली, की समजावं, गडी मुरलेला आहे.

"किती वर्षं झाली हवाई दलात?" मी विचारलं.

"बारा. इतकं दिसतं?"

"दिसत नाही. ऐकू येतं."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त बारीक होत होता. हे मी का लक्षात ठेवलं, कोण जाणे.

"लिंकच्या कोर्सला आलोय, आठ आठवडे," तो म्हणाला. "म्हणतात, मास्तरीण फार खडूस आहे. तूर्दिस की काय नाव. म्हणे चुकलं तर ओरडत नाही... नुसती बघते. त्यापेक्षा ओरडणारी परवडली."

मी नुसतं बघितलं.

"अरे देवा," तो म्हणाला.

त्याचं नाव औदुन. बोट धक्क्याला लागेपर्यंत त्यानं तीनदा माफी मागितली आणि मी तिन्ही वेळा ती नाकारली. मला मजा येत होती.

आमचं काम थोडक्यात सांगते. बेटावरच्या डोंगराच्या पोटात नॉर्वेच्या हवाई दलाची एक शाळा आहे. विमानं, जहाजं आणि जमिनीवरची रडारं आपापल्या नजरेला पडलेलं आकाश एकमेकांना डेटा लिंकवरून सतत कळवत असतात, आणि त्यातून सगळ्यांच्या पडद्यावर एकच चित्र तयार होतं. ते चित्र खरं ठेवायला एक माणूस लागतो. कधी एकच विमान दोन रडारं जराशा फरकानं दाखवतात, आणि पडद्यावर एकाच्या दोन खुणा होतात. दोन्ही तशाच राहिल्या, तर नसलेल्या विमानामागे खरं विमान धावतं. म्हणून त्यातली खोटी कोणती ते पाच सेकंदांत ठरवून काढून टाकायची. चुकीची काढली, तर खरं विमान सगळ्यांच्या पडद्यावरून नाहीसं होतं. या धंद्यात कोणी कायमचं पास होत नाही. दर वर्षी परीक्षा, दर दोन-तीन वर्षांनी नवा कोर्स. माझी सोळा वर्षं नोकरी झाली होती, आणि त्यातली निम्मी वर्गात बसण्यात किंवा वर्गासमोर उभं राहण्यात गेली होती. एवढं सगळं कशासाठी, तर त्रुल्सच्या खुर्चीसाठी. त्रुल्स आमचा प्रमुख परीक्षक. देशातल्या सगळ्या ठाण्यांवर जाऊन तो माणसं तपासतो. उन्हाळ्यात तो निवृत्त होणार होता, आणि ती खुर्ची माझी होती. तसं कोणी लिहून दिलं नव्हतं, पण सगळे तसंच धरून चालले होते. मी तर फारच.

औदुन वर्गात हुशार होता आणि हळू होता. दोन खुणा समोर आल्या की तो थांबायचा. तीन सेकंद, चार, सात...

"कशाची वाट बघतोस?" मी एकदा विचारलं.

"खात्रीची."

"ती येत नाही."

"माहीत आहे." मग तो हळूच म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी सरावात मी चुकीची खूण काढली होती. चाळीस सेकंद एक विमान कोणालाच दिसलं नाही. झालं काहीच नाही, कोणाला खरचटलंही नाही. पण त्या चाळीस सेकंदांत मी म्हातारा झालो, तूर्दिस."

शुक्रवारी आमच्याकडे वॅफलचा दिवस असतो. डोंगरातल्या खानावळीत साचा तापलेला, पिठाचा वास, सगळ्यांच्या ओल्या कोटांची वाफ. औदुन ताटलीत दोन वॅफल घेऊन माझ्यासमोर बसला. वर तपकिरी चीजचे काप.

"एका माणसाला दोन?" मी म्हटलं. "रांग बघितलीस का मागे?"

"एकच आहे. दोन रडारांवरून दिसतंय."

"मग एक काढ. पाच सेकंद."

तो खरंच ताटलीकडे बघत बसला! मी वरचं उचललं आणि खाल्लं.

"हे असं करायचं असतं," मी तोंडात घास ठेवूनच म्हटलं.

"पण तू खरं खाल्लंस की खोटं, हे तुला कसं कळलं?"

"चवीनं."

त्यानंतर तो सुधारला. वॅफलमुळे नव्हे, रोज संध्याकाळी तासभर जास्त बसल्यामुळे. मी त्याच्याबरोबर बसायची. मास्तरणीनं बसावंच लागतं, असं मी स्वतःला सांगायची. रविवारी किनाऱ्यावर फिरायला जाणं मात्र कोणत्याच वेळापत्रकात नव्हतं. पावसाळी विजारी फडफडायच्या, वाऱ्यात बोलणं अर्धंच पोचायचं. थर्मासचं एकच झाकण होतं. ते माझ्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून माझ्याकडे... आणि देताना बोटं जरा उशिरा सुटायची. त्याचीही, माझीही.

मला तो आवडला होता. पण हे मला कळलं ते फार विचित्र रीतीनं.

सातव्या आठवड्यात सराव-परीक्षा झाली. खऱ्या परीक्षेत मीच त्याची परीक्षक होते. पास झाला तर उत्तरेच्या ठाण्यावर चित्र सांभाळायची जागा त्याची वाट बघत होती. बारा वर्षं तो तिच्यासाठी झटत होता. ते ठाणं आमच्यापासून दोन दिवसांच्या रस्त्यावर. नापास झाला तर वसंतात पुन्हा कोर्स, म्हणजे पुन्हा आठ आठवडे इथं.

प्रत्येक सरावानंतर आम्ही सगळे एका खोलीत बसतो आणि ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकतो. रीत अशी की जो तो आधी आपली चूक सांगतो: काय झालं, का झालं. हुद्दा दाराबाहेर राहतो. सबबी चालत नाहीत. त्या दिवशी पडद्यावर औदुनचा शेवटचा प्रसंग आला. दोन खुणा. घड्याळ. एक, दोन, तीन, चार, आणि त्यानं बरोबर खूण काढली.

मी माझ्या कागदाकडे बघितलं. कागदावर माझ्या अक्षरात सहा लिहिलं होतं.

सोळा वर्षांत माझा एक आकडा चुकलेला नाही. लोक माझ्या आकड्यांवर घड्याळ लावतात. आणि मी चारचे सहा केले होते, पासचा नापास केला होता. ठरवून नव्हे. हातानं आपणहून लिहिलं होतं.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "औदुनला चार सेकंद लागले. मी सहा लिहिले."

"का?" त्रुल्सनं विचारलं. त्यात खवचटपणा नव्हता. तो प्रश्न रीतीचाच.

"कारण मला कळलंय. इथं सांगणार नाही. जिथं सांगायचं तिथं आजच सांगते."

औदुननं माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं. मला इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

शाळेची प्रमुख गुनवोर. मेजर आहे, पण इथं सगळे तिला नावानंच हाक मारतात. मी तिच्याकडून परीक्षक बदलण्याचा कागद मागितला. त्यात एकच ओळ महत्त्वाची: कारण. मी ती भरली आणि कागद पुढे सरकवला.

गुनवोरनं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"'माझं त्याच्यावर प्रेम आहे,'" ती म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच आहे."

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे मला आधी कळलं? अगं, तीस वर्षांत मला कोणी असलं काही सांगितलं नाही. नवऱ्यानंसुद्धा नाही." मग तिचा आवाज बदलला. "तूर्दिस, हा कागद वर गेला की त्याच्या ठाण्यावर तू कधीच परीक्षक म्हणून जाऊ शकणार नाहीस. आणि जो सगळ्या ठाण्यांवर जाऊ शकत नाही, त्याला प्रमुख परीक्षक करत नाहीत."

"माहीत आहे."

"नियमानं एक प्रत उद्या सकाळी त्याच्या खणात जाईल. परीक्षक का बदलला हे जाणून घ्यायचा त्याला हक्क आहे."

हे मात्र मला माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या हातात एक दुपार होती.

औदुन बोगद्याच्या तोंडाशी रेनकोट चढवत होता. बाहेर पाऊस, आत दिव्यांचा पिवळा उजेड.

"तुझी परीक्षा त्रुल्स घेणार," मी म्हटलं. "मी नाव काढून घेतलंय."

"का? एका आकड्यासाठी?"

"तो आकडा... चुकून आला नव्हता, औदुन. तू नापास व्हावास असं मला वाटत होतं. कारण मग तू राहिला असतास. मी तुझ्या प्रेमात आहे. उद्या सकाळी हे तुला कागदावर मिळेल, म्हणून आज सांगतेय."

त्याच्या रेनकोटची चेन अर्ध्यावरच अडली.

"तू मला नापास करणार होतीस," तो म्हणाला.

"हो."

"बारा वर्षं मी त्या जागेसाठी..."

"माहीत आहे. म्हणून तर गुनवोरकडे गेले."

तो रागावला होता. त्याला तो हक्क होता. त्यानं अडलेली चेन जोरात ओढून वर नेली. मग म्हणाला, "आणि त्रुल्सची खुर्ची?"

"गेली."

"माझ्यामुळे?"

"माझ्यामुळे. उगाच भाव खाऊ नकोस."

तो हसला, एक डोळा जास्त बारीक झाला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

"चौथ्या आठवड्यानंतर मी शनिवार-रविवार घरी जायचं सोडलं," तो म्हणाला. "का, काय वाटलं तुला?"

"बेट आवडलं असेल."

"या बेटावर एकूण चार झाडं आहेत, तूर्दिस!"

"पाच," मी म्हटलं. "शाळेमागे एक आहे."

"ऐक. मला पास व्हायचंय. आणि मला तू हवीस. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यातली एकही काढून टाकायची नाही. इतकी खात्री मला आजवर कशाचीच नव्हती." त्यानं माझ्या बाहीवरचं पाणी निपटलं. आत येणाऱ्या पावसानं कोट पुरता ओला झाला होता, तरी निपटलं... आणि हात तिथंच ठेवला.

चार दिवसांनी त्रुल्सनं त्याला दोन तास घुसळून काढलं. मी दुसऱ्या वर्गाला शिकवत होते. काय शिकवलं, आठवत नाही. मधल्या सुट्टीत त्रुल्स बाहेर आला.

"तीन सेकंद," तो म्हणाला. "एकदाही चारवर गेला नाही. चांगलं शिकवलंस."

मला आनंद झाला, अगदी खरा. आणि लगेच दुःखही झालं, की आता तो जाणार. तेही खरं.

दुपारी गुनवोरनं बोलावलं. माझा कागद तिच्या टेबलावर तसाच होता.

"परीक्षा झाली," ती म्हणाली. "अशा वेळी कागद मागे घेता येतो, नियमात बसतं. अजून मी वर पाठवलेला नाही. सोमवारी औदुन उत्तरेला जाईल. दोन दिवसांचा रस्ता आहे, तूर्दिस. अशी प्रेमं मी पुष्कळ बघितली आहेत. आधी फोन थांबतात, मग माणसं. फाडू का? त्रुल्सच्या जागेवर मग तुझंच नाव."

मी कागदाकडे बघितलं. लगेच उत्तर दिलं असं खोटं सांगणार नाही. ती खुर्ची मला हवी होती, सोळा वर्षं हवी होती, आणि त्या क्षणीही हवी होती. बदलीचा अर्ज केला तर उत्तरेला जायला मला निदान वर्ष लागलं असतं, आणि तिकडे मी साधी नियंत्रक असते, चारचौघांतली एक. पाच सेकंद केव्हाच होऊन गेले होते.

"पाठव," मी म्हटलं. "आणि बदलीच्या अर्जाचा कोरा कागदही दे."

"नक्की? वर विचारतील, कारण अजून आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "खाली गाडीत बसलंय. सकाळपासून काही खाल्लेलं नाही त्यानं."