तीन ठोके

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. हे माझ्यासोबत घडलंय. मी धनेश, ओमानमध्ये रस्त्याच्या कामावर सर्व्हेयर आहे. ऑगस्ट २०१४, मंगळवार, भर दुपारचे तीन. जागा सलालाच्या वरचा डोंगर.

त्या दिवसांत तिथे इतकं धुकं असतं की स्वतःचे बूट दिसत नाहीत.

माझा जोडीदार सिराज, रत्नागिरीचा. तो पुढे पट्टी धरून उभा राहायचा, मी मशीनवर. धुकं क्षणभर विरळ झालं की मी रीडिंग घ्यायचो; एरवी काही दिसायचं नाही, हाकही नीट पोचायची नाही. म्हणून आम्ही दगड वाजवायचो. त्याचे दोन ठोके म्हणजे 'झालं का?' माझे तीन म्हणजे 'झालं, ये.'

मी शेवटचं रीडिंग वहीत लिहीत होतो, तेवढ्यात समोरून...

टक. टक.

मी दगड उचलला आणि तीन ठोके दिले.

"धनेशभाऊ, कोनाला वाजवताव?" सिराजचा आवाज... मागून आला. "मी तर कवाचा गाडीत हाय."

मी निघायला गेलो.

पाय उचलेनात. दुखत नव्हते, अडकलेही नव्हते. ही जागा सोडायची नाही, एवढंच डोक्यात घट्ट बसलं होतं. सिराजने ओढून पाहिलं. मला रडू फुटलं, लपवू कशाला?

आरडाओरडा ऐकून साइटचा राखणदार सुहैलचाचा धावत आला. तरुणपणी तो सुलतानाविरुद्धच्या बंडात लढला होता. साधा मिलिशियावाला. ना बूट, ना पगार, पाण्याच्या पखाली वाहायच्या आणि पहारा द्यायचा, असं चहा पिताना सांगायचा.

"तुम तीन मारा?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हां चाचा... मेरे को लगा सिराज है."

तो माझ्याजवळ खाली बसला. "दो मतलब, कोई आया क्या? तीन मतलब, मैं आया, तू जा. ये हमारा पहरे का कायदा था."

मग त्याने सगळं सांगितलं. याच खडकावर त्याचा दोस्त मुसल्लम पहाऱ्यावर होता. पुढची पाळी सुहैलची. पण उपाशी, तापाने फणफणलेला सुहैल खाली उतरून शरण गेला. माफी मिळाली, जेवण मिळालं. मुसल्लमला कोणी कळवलंच नाही. तो पुन्हा कधी दिसला नाही.

"चालीस साल सुनता है," चाचा म्हणाला. "तीन मारने का हिम्मत नहीं हुआ. अब तुम दो मारो."

मी दोन ठोके दिले.

त्याने तीन दिले.

माझे पाय सुटले!

"यल्ला, जाओ."

आम्ही गाडीकडे पळालो. दहा मिनिटांत धुकं विरलं. खडकावर कोणीच नव्हतं... फक्त चाचाची काठी. पोलिसांनी चार दिवस शोधलं.

चौथ्या दिवशी मी त्यांना जागा दाखवायला गेलो होतो. पुन्हा धुकं दाटलं आणि अगदी जवळून...

टक. टक.

मी दगड उचललासुद्धा होता. तो हळूच खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो.

आता मी मस्कतला, गाला नावाच्या भागातल्या ऑफिसात असतो. सलालाच्या कामाचा विषय निघाला की पाठदुखी, मुलीची परीक्षा, काहीतरी पुढे करतो. चाचाने जे मुसल्लमशी केलं, तेच मी चाचाशी करतोय. मला लाज वाटते.

"एकदा जाऊन तर या," बायको म्हणते.

मी अजून गेलेलो नाही.