जादूगारणीचं शेवटचं पान

"बाई, लगेच या! पुस्तक कापलंय कुणीतरी!"

फोनवर ताई होती. बालवाचनालयाची ग्रंथपाल, आणि बाईंची जुनी विद्यार्थिनी. निवृत्त बाई दहा मिनिटांत पोहोचल्या.

टेबलावर जाडजूड कादंबरी होती. नायिका जादूगारीण. खोटं बोलते, चोरी करते, मित्रांना फसवते, पण शहर वाचवते. मुलांच्या या पुस्तकावर उड्या पडत. त्याचं शेवटचं पान कुणी ब्लेडनं सफाईनं कापलं होतं.

"असली नायिका मुलांच्या हाती नको, असं सभेत यांनीच सांगितलं होतं," वाचनालयाचे अध्यक्ष ताईकडे बोट दाखवत गुरगुरले. "कपाटाची किल्ली यांच्याकडे, ब्लेडही यांच्याच खणात. चार वाजता समिती बसतेय. नोकरी गेली समजा."

ताईनं पुस्तक जवळ ओढलं. "मी नको म्हणाले, हे खरं. पण पुस्तक कापीन मी?"

बाईंनी मागचा पुठ्ठा उघडला. तारखांच्या चिठ्ठीवर सभासद क्रमांक सतरा तीनदा होता. मग त्यांनी पान दोनशे एक्केचाळीस हळूच ओढलं. पान हललं नाही.

"फाटकी पानं तू कशानं जोडतेस गं?"

"चिकटपट्टीनं. बाइंडरकाका रोज ओरडतात त्यावरून."

"ते कधी आले होते?"

"परवा. कोपऱ्यात बसून चार पुस्तकं शिवली. हे त्यांत नव्हतं."

"आज हे कुणाला हवंय?"

"काकांच्या नातीला. नंबर लावून बसलीय."

काकांना बोलावलं. ते पानं चिकटवायच्या खळीची वाटी घेऊनच आले.

"काका, हे पुस्तक हाताळलंत?"

"छे! माझ्याकडे आलंच नाही."

"मग कापलं कुणी?"

"रागाच्या भरात कुणीतरी. पालक काय कमी चिडलेत?"

बाईंनी कोरा कागद दुमडून सगळ्यांपुढे धरला.

"बघा. कागद असे दुमडून शिवतात, म्हणून पानं जोडीनं असतात. शेवटचं कापलं, की त्याच्या जोडीचं, म्हणजे त्याच जुडीतलं पहिलं, दोनशे एक्केचाळीस सुटतं. रागावलेल्या माणसाला याचा पत्ताही नसतो. ताईनं चिकटपट्टी लावली असती. इथे मात्र आतून कागदाची बारीक पट्टी आहे, खळीनं लावलेली. कापणाऱ्याला दुसरं पान गळलेलं बघवलं नाही. काका, हाताची सवय लपत नाही हो."

काकांनी मान खाली घातली. खिशातून घडी केलेलं पान काढलं.

"परवा शिवता शिवता कपाट उघडं दिसलं, हे काढून वाचलं. शेवटी ती बया शहरासाठी पोटच्या पोरीला सोडून जाते. परत येत नाही. माझी सून घर सोडून गेली त्याला तीन वर्षं झाली. नातीला रोज सांगतो, आई येईल. हे वाचलं असतं तर तिनं मला काय विचारलं असतं?"

"आणि माझी नोकरी, काका?" ताईनं विचारलं.

अध्यक्ष खिडकीबाहेर पाहू लागले.

"ताई, सतरा नंबर कुणाचा गं?" बाईंनी हळूच विचारलं.

ताईनं वही उघडली. "काकांच्या नातीचाच."

"तीनदा नेलंय तिनं. आता चौथ्यांदा हवंय. काका, तुमच्यापासून लपवून वाचते ती. शेवट तिला पाठ आहे."

काकांनी चिठ्ठीवरचे तिन्ही आकडे बोटानं चाचपले. मग त्यांनी वाटी पुढे ओढली आणि पान नीट सपाट केलं.

"चारच्या आत वाळेल," ते म्हणाले. "समितीला मीच सांगतो. आणि मग... पुस्तक तिला मीच नेऊन देतो."