साडेसहाला थांबणारं चार्जिंग

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. वटार गावात माझ्या मावसभावाच्या, देवेंद्रच्या वाडीत गेल्या मार्चमध्ये जे घडलं, ते तसंच्या तसं सांगतोय. आणि घडलं तेही मध्यरात्री नाही.

रोज संध्याकाळी, साडेसहाच्या ठोक्याला.

देवेंद्रने इलेक्ट्रिक गाडी घेतली ती त्याच्या वडिलांसाठी, बळीरामबाबांसाठी. आठवड्यातून तीनदा सकाळी डायलिसिस. एक खेप चुकली की बाबांचे पाय सुजतात, श्वास लागतो.

गाडी आली. आता चार्जर बसवायचा कुठे?

इथून डोकेदुखी सुरू झाली. ओटीच्या भिंतीवर म्हणावं, तर घराचं वायरिंग आजोबांच्या काळचं. फाटकाच्या खांबावर म्हणावं, तर डोक्यावर छप्पर नाही. शेवटी ज्युड इलेक्ट्रिशियनने वाडीभर फिरून तिसरी जागा काढली. विहिरीजवळचं मोटरघर.

"लाइनचा खांब शेजारी, भिंत कोरडी, गाडी दारापर्यंत येते. अजून काय पाहिजे तुला?"

मोटरघर काशिनाथकाकांचं, बाबांच्या धाकट्या भावाचं. काका दोन वर्षांपूर्वी वारले. मागे कोणी नाही.

बाबा एवढंच म्हणाले, "तिथं नको."

का, ते सांगेनात. देवेंद्र वैतागला. आजार यांचा, गाडी यांच्यासाठी, आणि अडवणूकही यांचीच! त्याने गाडीसाठी वेगळा मीटर घेतला आणि चार्जर तिथेच ठोकला.

पहिल्या दिवशी ऑफिसातून आल्यावर सहाला गाडी लावली. हिरवा दिवा लागला.

साडेसहाला... दिवा विझला.

रात्रभर काही केल्या लागेना. उजाडल्यावर आपोआप लागला, तेव्हा निघायची वेळ झालेली.

दुसऱ्या दिवशी तेच.

तिसऱ्या दिवशीही... साडेसहा.

कस्टमर केअरच्या बाई गोड आवाजात म्हणायच्या, "सर, एकदा बंद करून चालू करा." केलं! दहा वेळा केलं! कंपनीचा माणूस रविवारी दुपारी आला, तेव्हा सगळं झकास चाललं होतं. "सर, यात प्रॉब्लेमच नाही," असं वर देवेंद्रलाच ऐकवून गेला. ज्युडने केबल बदलली, अर्थिंग नव्याने केलं. शेवटी दोघांनी ॲपमधली नोंद उघडली.

रोज साडेसहापुढे एकच ओळ...

'वापरकर्त्याने चार्जिंग थांबवले.'

ॲप फक्त देवेंद्रच्या मोबाइलवर होतं. आणि मोबाइल त्याच्या खिशात.

"चर्चमधून फादरना बोलवू काय रे?" ज्युड हसला. पण त्या दिवशी सामान गोळा करून उजेड असतानाच निघाला.

संध्याकाळच्या अर्ध्या तासात भरलेलं चार्जिंग देवेंद्रच्या ऑफिसच्या येण्याजाण्यातच संपायचं, म्हणून बाबांना दोन खेपा रिक्षातून हादरे खात न्यावं लागलं. तिसऱ्या वेळी रिक्षाच मिळाली नाही. ती खेप चुकली.

त्याच संध्याकाळी बाबांना धाप लागली. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, तासभर लागेल. गाडीत दोन टक्के. सहा वीसला देवेंद्रने प्लग खुपसला आणि दिव्याकडे बघत उभा राहिला.

साडेसहा...

दिवा विझला.

त्याने भिंतीवर लाथ घातली. "कोण आहे रे? माणूस मरतोय माझा!"

वाडीत पाखरूही बोलेना. फक्त पाटातून पाणी वाहिल्यासारखा आवाज येत होता... पाट मात्र कोरडा ठणठणीत.

मागे कुणीतरी पाय घासत आलं...

बाबा होते. भिंत धरून उभे.

"ही काशाची पाण्याची पाळी आहे," ते म्हणाले. "साडेसहापासून उजाडेपर्यंत."

विहीर दोघा भावांची, पाळ्या ठरलेल्या. एकाच्या पाळीत दुसऱ्याने मोटरला हात लावायचा नाही, हा वाडीचा रिवाज. देवेंद्रला तो माहीत होता. पुढचं माहीत नव्हतं.

"तो अंथरुणाला खिळला, त्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी होतं रे. मी रोज यायचो. त्याच्या पाळीत त्याचीच मोटर बंद करायचो. त्याची पानवेल जळून गेली. खिडकीतून बघायचा तो... बोलला नाही कधी."

बाबांनी हात मोटरच्या बटणावर ठेवला. ती मोटर वर्षभरापूर्वीच जळाली होती. तारा ज्युडने स्वतः कापल्या होत्या.

"काशा, घे तुझं पाणी."

बटण दाबलं.

मोटर... सुरू झाली.

आणि चार्जरचा दिवा हिरवा झाला.

पंधरा मिनिटांत हॉस्पिटल गाठण्यापुरती गाडी चार्ज झाली. बाबा वाचले.

नंतर चार्जर एकदाही थांबला नाही. बाबा रोज साडेसहाला काठी टेकत जायचे, ती मेलेली मोटर लावून यायचे.

पण गेल्या आठवड्यात बाबा लगेच परत आले.

"लावली नाही मोटर?"

"काशा नको म्हणाला." बाबांचा चेहरा अगदी शांत होता. "म्हणाला, पाणी पुरे झालं. आता तूच ये."

दुसऱ्याच दिवशी देवेंद्रने चार्जर उखडला, घराचं वायरिंग बदललं, ओटीच्या भिंतीवर तो बसवला आणि मोटरघराला कुलूप घातलं. आता साडेसहा वाजले की तो हातातलं काम टाकतो आणि बाबांचा हात घट्ट धरून बसतो.

काल मी तिथेच होतो.

बाबा विहिरीकडे कान लावून बसले होते. आणि कुणीतरी विचारल्यासारखं... मधेच हळूच म्हणाले, "हो."