आपण म्हणजे किती

रविवारी सकाळी पोह्यांच्या बश्या अजून टेबलावरच होत्या, तेवढ्यात कौस्तुभ रेळेकरने बायकोला हाक मारून सांगितलं की त्यांच्या घरात उणे एक खोली आहे.

"काय?" ऋजुता हात पुसत स्वयंपाकघरातून आली.

"ह्या प्रोग्रॅमच्या पहिल्या धड्यात म्हणलंय, एक साधं वाक्य लिहून बघा. मी लिहिलं, 'घरात दोन-तीन खोल्या आहेत.' हा बघ काय म्हणतोय."

पडद्यावर वाक्य होतं आणि समासात फिकट निळ्या अक्षरांत उत्तर होतं : खोल्या = उणे एक. दोन आणि तीनच्या मधल्या आडव्या रेघेला त्याने वजाबाकी धरलं होतं.

"म्हणजे आहेत त्या पण गेल्या," ऋजुता म्हणाली. दोघंही हसले आणि मग एकदम ओशाळले, कारण ते बसले होते घटस्फोटाचं निवेदन लिहायला.

ज्याच्यावर ते लिहीत होते त्याला लेखणक म्हणत. मजकूर लिहिण्याचे प्रोग्रॅम जुनेच होते, आकडेमोड करणारे त्याहून जुने. लेखणकाने त्या दोन प्रोग्रॅमचं लग्न लावलं होतं. त्यात वाक्य लिहिलं की त्या वाक्यात मोजण्यासारखं जे काही असेल ते तो मोजायचा, समासात उत्तर द्यायचा, आणि एकदा एखाद्या शब्दाची किंमत ठरली की पुढे सगळीकडे तीच धरून चालायचा. इंजिनिअर त्याच्यावर खूश होते, पाककृती लिहिणारे तर फारच. न्यायालयात तो आला तो मात्र वेगळ्या कारणाने. संमतीने वेगळं होणाऱ्या जोडप्यांची निवेदनं 'नेहमी' आणि 'कधीच' या दोन शब्दांनी इतकी गच्च भरलेली असत की वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नसे. आता नवरा-बायकोने एकत्र बसून एकच निवेदन लेखणकात लिहायचं आणि घरातल्या नोंदी त्याला खुल्या करून द्यायच्या, अशी पद्धत होती. दिव्यांना, दाराला आणि फ्रीजला कान फुटून बरीच वर्षं झाली होती. कोण कधी आलं, कोण काय बोललं, सगळं कुठेतरी साठून राही आणि एरवी कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. वाक्यांचा आणि नोंदींचा मेळ बसला की पानाच्या तळाशी हिरव्या अक्षरांत 'जुळलं' असं उमटे. ते उमटल्याशिवाय निवेदन पुढे जात नसे.

ऋजुता येत्या मंगळवारी आसामला निघणार होती. चहाच्या मळ्यांमधली माती तपासायची नोकरी होती, निदान दोन वर्षांची. जायच्या आधी हे उरकायचं असं दोघांनी शांतपणे ठरवलं होतं. गेली काही वर्षं ते सगळंच शांतपणे ठरवत आले होते. समुपदेशक दळवी मॅडमही म्हणाल्या होत्या, "तुमचं एका सकाळचं काम आहे. तुमच्यात भांडण आहेच कुठं?"

"तू बोल, मी बघतो," कौस्तुभ म्हणाला. लेखणक बोललेलंही लिहून घेत असे.

ऋजुता खुर्चीत सरळ बसली. "लग्न झाल्यापासून घरातला रोजचा स्वयंपाक मी करतो. बाजार मी आणतो. आजारपणं मी काढली."

समासात भराभर निळी अक्षरं उमटली : स्वयंपाक, कौस्तुभ. बाजार, कौस्तुभ. तिसऱ्या ओळीपुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

कौस्तुभचा चेहरा उजळला. "अरे वा. हा माणूस मला आवडला."

"असं कसं? मी बोलायलोय ना?"

"'करतो' हे रूप पुरुषाचं आहे," लेखणकाने खाली लिहिलं. "बोलणारी व्यक्ती बदलली काय?"

"कोल्हापुरात बायका असंच बोलतात म्हणावं त्याला," ऋजुता म्हणाली. "मी करतो, मी जातो, मी जेवलो. लहानपणापासून असंच बोलतो मी. त्याच्यासाठी काय आता पुणेकरीण होऊ?"

कौस्तुभने ते समजावून सांगितलं आणि लेखणकाने ऐकलंही, पण जरा जास्तच ऐकलं. आता कौस्तुभचीही सगळी 'करतो' ऋजुताच्या नावावर गेली. कौस्तुभची फाउंड्रीतली पाच वर्षांची रात्रपाळीही आता तीच करत होती. शेवटी बोलण्याचा नाद सोडून दोघांनी टाइप करायचं ठरवलं. ऋजुताने कीबोर्ड ओढून घेतला आणि एकच वाक्य लिहिलं, जे तिने बरेच दिवस मनात घोकून ठेवल्यासारखं दिसत होतं. 'तो माझ्याशी कधीच बोलत नाही.'

समासात उत्तर यायला थोडा वेळ लागला. 'कधीच नाही म्हणजे शून्य. गेल्या महिन्याच्या नोंदीत शून्य नाही. कौस्तुभ यांचे घरात बोललेले शब्द सुमारे चौदाशे.'

"चौदाशे?" ऋजुताने कौस्तुभकडे पाहिलं. "कुठं बोललास तू चौदाशे शब्द?"

तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं तसा तो उलगडला. चावी कुठं आहे. गॅस बंद केलास का. उद्या पाणी येणार नाही. आणि मग एक लांबलचक रकाना होता, त्याच्या माथ्यावर लेखणकाने सावधपणे लिहिलं होतं : 'हे नऊशे शब्द मांजरास उद्देशून असावेत.'

रकान्यातली वाक्यं ऋजुता वाचत गेली. काय गं, कंटाळलीस? मी पण. आज भट्टीवर एकाचा हात भाजला. सारखा तोच दिसतोय डोळ्यांसमोर.

"हे मला नाही सांगितलंस," ती म्हणाली.

"तू झोपली होतीस."

"आणि मांजर जागं होतं."

"ते उलट काही विचारत नाही." एवढं बोलून कौस्तुभने कीबोर्ड स्वतःकडे घेतला. आता त्याची पाळी होती. त्याने लिहिलं, 'ती नेहमी माहेरी असते.' उत्तर आलं की गेल्या वर्षात ती सहा वेळा माहेरी गेली, आणि त्यातल्या चार वेळा त्याच दिवशी परत आली. कौस्तुभने ते दोनदा वाचलं. कुणी विचारलं असतं तर तो शपथेवर सांगायला तयार होता की वर्षातला अर्धा काळ हे घर रिकामं असतं. रिकाम्या घरात आपण एकटेच वावरतो हे त्याला स्वच्छ आठवत होतं. नोंदी म्हणत होत्या की त्या वेळी ती शेजारच्या खोलीत होती.

पुढचा तासभर असाच गेला. ज्या तक्रारीला हात घालावा ती आकड्यात मोजली की एवढीशी निघे. तो चिडला होता, पण क्वचित. तिने टोमणे मारले होते, पण तेही बेताचे. दोघंही वाक्यं खोडत गेले आणि पान रिकामं होत गेलं.

"मला काही कळेना झालंय," ऋजुता शेवटी म्हणाली. "ह्याच्या हिशेबानं तुझं काही चुकलं नाही, माझंही काही चुकलं नाही. मग एवढा त्रास कशाचा झाला मला? मी काय उगीच रडलो?"

"त्याला मोजता येत नसेल."

"सगळं मोजतोय की तो. मांजरासकट."

कौस्तुभलाही तेच विचारायचं होतं, पण कुणाला विचारावं ते त्याला कळत नव्हतं.

वाटणीचा भाग मात्र सुरळीत पार पडला. घर त्याचं, गाडी तिची, मांजर त्याचं. लेखणकाने एकेका वाक्यापुढे निमूटपणे बरोबरची खूण केली. शेवटचा परिच्छेद कौस्तुभने झरझर लिहून टाकला : 'आपण राजीखुशीने वेगळे होत आहोत. एकमेकांवर कोणताही आरोप नाही.' मग दोघं पानाच्या तळाकडे बघत बसले.

हिरवं 'जुळलं' आलं नाही. त्या जागी तांबडी ओळ आली. 'दोन व्यक्तींची वाटणी पूर्ण. एक व्यक्ती उरते. आपण = तीन.'

"तीन कोण?" ऋजुताने विचारलं. "मांजराला धरलं काय?"

मांजर नव्हतं; ते वाटणीत आधीच आलं होतं. कौस्तुभने दळवी मॅडमना फोन लावला. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मॅडमनी नीट ऐकून घेतलं आणि त्या हसल्या.

"'आपण' कशाला लिहिलंत? 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. निवेदन कुणाला लिहिताय? न्यायाधीशांना. मग तुम्ही दोघं आणि न्यायाधीश, झाले की तीन. न्यायाधीशसाहेबांचा पण घटस्फोट लावताय तुम्ही. 'आम्ही' करा, ऐकणारा वगळला जातो."

एवढी साधी गोष्ट होती तर. कौस्तुभने 'आपण' खोडून 'आम्ही' केलं. तांबडी ओळ क्षणभर गेली आणि परत आली. 'आम्ही = तीन.'

त्याने 'आम्ही दोघे' लिहिलं. 'दोघे = दोन. आम्ही = तीन. जुळत नाही.'

"बिघडलाय तो," कौस्तुभ म्हणाला. "सकाळी खोल्या उणे एक म्हणाला, आता माणसं अधिक एक म्हणतोय. बंद करून परत चालू करू."

"थांब." ऋजुताने तीनच्या आकड्यावर बोट ठेवलं. मघासारखाच तो उलगडला.

न्यायाधीश कुठेच नव्हते. तिथे लिहिलं होतं : 'आधार, घरातील नोंदी, पाच वर्षांपूर्वीच्या. कौस्तुभ : आता आपण तिघं. ऋजुता : आपण तिघं मावायचो नाही या खोलीत. कौस्तुभ, फोनवर : दिवाळीला आम्ही तिघं येऊ.' अशी आणखी काही वाक्यं होती, सगळी त्याच पावसाळ्यातली. त्याखाली एक ओळ होती. 'त्यानंतर ही संख्या कमी केल्याचे कुणी बोललेले आढळत नाही.'

खरं होतं ते. पाचव्या महिन्यात ऋजुताला दवाखान्यात न्यावं लागलं होतं आणि परत येताना ते दोघंच होते. नातेवाइकांनी 'होतं असं' म्हणून समजूत काढली. चौथ्या दिवशी कौस्तुभ फाउंड्रीत गेला, कारण घरात त्याला श्वास घेता येत नव्हता. तो कामाला गेला, म्हणजे त्याच्यापुरतं हे संपलं असं ऋजुताने धरलं. ती त्याविषयी चकार शब्द काढत नाही, म्हणजे तिला ते नको आहे असं त्याने धरलं. दोघांनीही एकमेकांना जपायचं म्हणून तोंड मिटलं आणि मग ते मिटलेलंच राहिलं. आज सकाळपासून लेखणकाने पाच वर्षांतलं बोललेलं सगळं मोजलं होतं. जे बोललंच गेलं नाही ते आत्ता पहिल्यांदा आकडा होऊन समोर आलं होतं. ऋजुताला भयंकर दुःख झालं, आणि त्या दुःखातही बरं वाटलं. काहीतरी खरंच होतं. ती उगीच रडली नव्हती.

"मला वाटलं तू विसरलास," ती म्हणाली.

"मला वाटलं तुला आठवण काढलेली चालणार नाही."

"रोज काढतो मी."

"मी पण," कौस्तुभ म्हणाला. "आता हे 'काढतो' कुणाच्याही नावावर घालू दे त्याला."

पडद्यावर एक चौकोन उघडला होता. लेखणकाला त्यांच्या बोलण्याचं काही नव्हतं, त्याला निवेदन पुरं करायचं होतं. 'तिसऱ्या व्यक्तीचे नाव द्या, किंवा ती व्यक्ती काढून टाका.' खाली दोन बटणं होती. दुसरं दाबलं असतं तर तिनाचे दोन झाले असते, हिरवं 'जुळलं' उमटलं असतं आणि मंगळवारी ऋजुता मोकळेपणाने विमानात बसली असती. काम एका सेकंदाचं होतं. ऋजुताने कौस्तुभकडे बघितलं, कौस्तुभने तिच्याकडे, आणि आधी हात कुणी मागे घेतला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हे मला नाही दाबता यायचं," तो म्हणाला.

"मग राहू दे."

"राहू दे तर पुढं जात नाही ते. नाव द्या म्हणतोय." तो चौकोनातल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग पडद्यावरची नजर न काढताच त्याने विचारलं, "तू ठरवलं होतंस काही? नाव?"

ऋजुताने ठरवलं होतं. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात ठरवलं होतं आणि त्याच्या वाढदिवशी सांगायचं म्हणून मनात ठेवलं होतं. ते नाव तिने आजवर मोठ्याने उच्चारलं नव्हतं; दिव्यांनी, दारानेही ते ऐकलं नव्हतं. ते बाहेर काढायचं म्हणजे मंगळवारचं जाणं, न जाणं, सगळंच परत मांडायला लागणार होतं. ती उठली, पोह्यांच्या बश्या बाजूला सारल्या आणि टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

"कौस्तुभ, हे कशासाठी विचारायलास ते आधी सांग," ती म्हणाली. "त्याला लिहायला पाहिजे म्हणून, की तुला ऐकायचंय म्हणून?"