मोरीपलीकडचं घर

सरकून बसा. आणि आधीच सांगतो, यात पदरचं काही नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझा साडू. थाप मारायची असती तर लांबचा कुणी पाहिला असता. साडूच्या नावावर थाप मारून घरात राहायचंय कुणाला?

साडू रस्त्याच्या टोळीवर मुकादम. घाटातला रस्ता त्याच्याकडे. वर डोंगर, मधे रस्ता, आणि रस्त्याखाली उतारावर वस्ती. डोंगराला भेग पडलेली, म्हणून पावसाळ्यात रात्री रस्ता बंद ठेवायचे. दोन्ही टोकांना आडवे बांबू आणि लाल दिवे. ही गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. बुधवार, अमावस्येची रात्र. अकरा वाजून गेलेले. पलीकडच्या टोकाचा दिवा विझलाय असं एका ट्रकवाल्याने येऊन सांगितलं. साडूने रेनकोट चढवला, नवी बॅटरी घेतली आणि निघाला. काम एवढंच. बॅटरी बदलायची नि परत फिरायचं.

पण त्या टोकाला जाताना त्याचे पाय जड व्हायचे. का, ते सांगतो.

आदल्या वर्षी अशाच पावसात वस्ती खाली करायचा हुकूम आला होता. घरोघर निरोप द्यायला यालाच धाडलं. दिवसभर रस्त्यावरचे दगड उपसून गड्याची हाडं खिळखिळी झालेली. एसटीच्या स्टॉपवर वस्तीतलाच टपरीवाला दिसला. त्याला म्हणाला, "मी दमलोय रे. तू सांग पुढं सगळ्यांना." टपरीवाल्याने सांगितलं. ओढ्यावरच्या मोरीपर्यंत सांगितलं. मोरीपलीकडे एकच घर, शिवणकाम करणाऱ्या बाईचं. एकटी राहायची. तिथं अंधार दिसला, त्याला वाटलं, गेली असेल. गेली नव्हती. झोपली होती. पहाटे दरड आली ती नेमकी त्या एका घरावर. बाई सापडली ती दाराला आतून टेकलेली, मुठी वळलेल्या.

चौकशीला साहेब आले. "निरोप दिला होता?"

"दिला होता," साडू म्हणाला.

खोटं नव्हतं ते. म्हणून तर जास्त बोचायचं. त्याच्या लेकीचा शाळेचा गणवेश त्या बाईनेच शिवलेला. तो दोरीवर वाळत असला की हा मान खाली घालून जायचा. माझी मेव्हणी विचारायची, "काय होतंय तुम्हाला?" हा म्हणायचा, "पित्त."

असो. तर त्या रात्री त्याने दिवा पेटवला आणि परत फिरला. तेवढ्यात वरून एक खडा आला. मग मूठभर. त्याने टॉर्च मारला. डांबराला आडवी चीर गेली होती आणि चिरेच्या पलीकडचा रस्ता पायरीसारखा खाली बसला होता. मोबाइलला रेंज नाही. डोंगरातून आवाज येत होता... पोटात गुडगुडतं ना, तसा.

वस्ती झोपलेली. सगळी घरं भरलेली.

तिथून वस्तीत उतरायला एकच पायवाट. आणि त्या वाटेवर पहिली जागा लागते ती मोरीपलीकडची. तिथं आता घर नव्हतं. मातीचा ढीग, त्यावर कमरेएवढं गवत. वर्षभर त्याने ती वाट टाळली होती. त्या रात्री टाळता येईना. खाली मान घालून धावत सुटला.

ढिगाजवळ कुणीतरी उभं होतं.

बाई. डोक्यावर पोतं. तोंड दिसत नव्हतं. टॉर्च वर करायचा त्याला धीर होईना.

"कोण?" तिने विचारलं.

"मी... मुकादम."

"काय निरोप?"

त्याने डोंगराकडे हात केला.

"डोंगर सुटतोय. निघा."



ती म्हणाली, "मला सांगताय?"

"हो." तो रडायलाच लागला होता. "तुम्हालाच."

"बरं." ती म्हणाली, "तुम्ही दमलात. पुढं मी सांगते."

आणि ती वळली. मोरी ओलांडून गेली. मोरीवरून पाणी चाललं होतं, गुडघाभर. पाण्याचा आवाज होत होता. तिच्या पावलांचा नाही.

पळून जावं असं त्याला वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलंच. रस्त्याकडे तोंडही केलं त्याने. पण ते शब्द... ते त्याचेच शब्द होते. तो ओरडला, "नाही! या वेळी मी येतो!"

पाण्यात उतरला.

पुढे अंधारात आवाज. ठक ठक ठक. तो पहिल्या घरापाशी पोचला. दार सताड उघडं. आत कुणी नाही. पुढे पुन्हा ठक ठक ठक. दुसरं घर. तेही रिकामं. चुलीत निखारा जिवंत. तिसरं... चौथं... हा धावतोय, आणि ठकठक कायम एक घर पुढे. प्रत्येक दारात उभा राहून हा हाका मारी, आत डोकावून बघे, मगच पुढे जाई. एकही घर त्याने सोडलं नाही.

मग आवाज थांबला.

सगळी वस्ती शाळेच्या मैदानात उभी होती. अंथरुणं, म्हाताऱ्या, शेळ्या, सगळं. तो धापा टाकत पोचला, आणि मागे डोंगर आला.

कसा आला ते मला सांगता येणार नाही. त्यालाही कधी सांगता आलं नाही.

उजाडलं तेव्हा रस्ता नव्हता. अर्धी वस्ती नव्हती. माणसं मात्र सगळी होती.

"कुणी उठवलं तुम्हाला?" त्याने टपरीवाल्याला विचारलं.

"तुमच्याच टोळीवरची बाई ना? डोक्यावर पोतं घेतलेली."

टोळीवर बाई नव्हती.

टपरीवाल्याची आई म्हणाली, "चिखलाने माखली होती रे बिचारी. म्हटलं, ये आत, शेकून घे. तर म्हणाली, नको, मला आधीच उशीर झालाय."

साडू तसाच, चिखलाच्या कपड्यांनी, साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, गेल्या वर्षी मी वस्तीत उतरलोच नव्हतो. ती बाई माझ्यामुळे गेली." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "ते प्रकरण मिटलंय. आज तुम्ही वस्ती वाचवलीत. घरी जा, झोपा." शाबासकी दिली त्याला! त्या शाबासकीने तो जो खचला, तो अजून सावरलेला नाही.

त्याचं घर डोंगरापासून लांब, पक्क्या जमिनीवर. मेव्हणी आणि लेक चार दिवस आमच्याकडे आल्या होत्या. दरडीचं कळलं तसा मी त्यांना घेऊन निघालो. आम्ही पोचलो तेव्हा साडू नुकताच येऊन पायरीवर बसलेला. घराला बाहेरून कुलूप. माझ्या डोळ्यांसमोर त्याने ते काढलं. खिडक्या बंद. आत चिटपाखरू नाही.

मी दार लोटून घेतलं आणि कडी घालायला वळलो.

दारावर चिखल होता. ओला, लाल. मुठीचे ठसे. एकावर एक, एकावर एक... कुणीतरी जिवाच्या आकांताने ठोठावावं तसे.

दाराच्या आतल्या बाजूला.